श्रीरामपूरचा गोलंदाज आणि एका षटकाचा ठपका

१/ एका पराभवावरून खेळाडूची किंमत ठरवावी काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपुरात १९७८ साली जन्मलेल्या झहीर खानची कारकीर्द या प्रश्नाला उत्तर देते.

२/ २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. विश्वचषकाचा अंतिम सामना. गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण पत्करले आणि नवा चेंडू झहीरच्या हाती दिला. नोबॉल, वाइड... पहिल्याच षटकात १५ धावा! अखेर ७ षटकांत ६७ धावा, बळी शून्य. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. भारत १२५ धावांनी पराभूत.

३/ ते षटक चाहत्यांच्या मनात घर करून राहिले. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक, १८ बळी त्यानेच घेतले होते, याचा मात्र विसर पडला.

४/ २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर असताना त्याने इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून ७८ प्रथमश्रेणी बळी मिळवले. २००९ च्या आयपीएलपूर्वी बंगळूरने त्याला मुंबईस देऊन रॉबिन उथप्पाला घेतले. अशा अदलाबदलीत लाभ कोणाचा, हा चाहत्यांचा आवडता वाद. त्यातही जुन्या पराभवाचे माप वापरले जाते.

५/ २ एप्रिल २०११, वानखेडे. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा नवा चेंडू. पहिली ५ षटके : ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. पुढील ५ षटकांत मात्र ५४ धावा गेल्या. तरीही भारत जिंकला; २१ बळींसह झहीर स्पर्धेत संयुक्त अव्वल ठरला.

६/ त्या ५४ धावांचा उल्लेख आज क्वचितच होतो. विजय महागडी षटके झाकतो, पराभव चांगली षटके पुसतो. म्हणून मित्रहो, निकाल देण्यापूर्वी धावफलक पूर्ण वाचावा.