न बोलावता आलेले टपाल

१८६४ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी लंडनमधल्या काही प्रतिष्ठित गृहस्थांच्या दारी तारवाला येऊन उभा राहिला. अवेळी आलेली तार म्हणजे काय, हे आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना वेगळे सांगायला नको. आधी काळजात धस्स व्हायचे, मग पाकीट फुटायचे. त्या गृहस्थांनीही तसेच घाबरत पाकीट फोडले. आत मजकूर होता तो हार्ले स्ट्रीटवरच्या गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांचा : आमचा दवाखाना १० ते ५ उघडा आहे. चिडलेल्या एकाने ‘टाइम्स’ला पत्र लिहून विचारले की, ज्यांच्याशी माझा काडीचा संबंध नाही, त्यांनी मला तार करून त्रास का द्यावा? आज जिला ‘स्पॅम’ म्हणतात, त्या पीडेची ही आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी तक्रार. विजेच्या तारेवरून माणूस माणसाला निरोप पाठवू लागला, त्याला तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली होती.

तरी त्या दंतवैद्यांनी प्रत्येक तारेचे पैसे मोजले होते, आणि पुढल्या सगळ्या इतिहासाची किल्ली याच गोष्टीत आहे. जाहिरातीचा खर्च कोण करतो? आमच्या स्मरणिकेचेच उदाहरण घ्या. तिच्यात सराफ्यातल्या पेढ्यांच्या, मंगल कार्यालयांच्या, केटरर्सच्या जाहिराती असतात. त्यांनी पैसे दिले म्हणून कागद आला, छपाई झाली आणि हा अंक आपल्या घरी नाममात्र किमतीत पोहोचला. इथे जाहिरातदार वाचकाचा खर्च उचलतो. अनाहूत ईमेलमध्ये हा व्यवहार उलटा होतो. पाठवणाऱ्याला एक पत्र पाठवा की दहा लाख, खर्च जवळपास सारखाच. जागा, वेळ, यंत्रे आणि मनस्ताप यांचे बिल मात्र घेणाऱ्याच्या नावावर फाटते. अमेरिकेने १९९१ मध्ये फॅक्सवरच्या अनाहूत जाहिरातींना बंदी केली, तिच्यामागे हेच साधे कारण होते : जाहिरात दुसऱ्याची, कागद आणि शाई माझी.

ईमेलवरची पहिली मोठी अनाहूत जाहिरात मे १९७८ मधली. इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट हे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालत होते. विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांमधली मोजकी मंडळी ते वापरत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थ्यूर्क यांना नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियात दाखवायचे होते. एकेकाला निरोप कुठे देत बसणार? अर्पानेटवरच्या लोकांची एक छापील सूची होती. तिच्यातले पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे ४०० पत्ते काढून ते टाइप करवले गेले आणि एकच पत्र सर्वांना धाडले. पत्त्यांच्या रकान्यात इतकी नावे मावेनात, म्हणून उरलेली नावे खाली मजकुरातच सांडली. निमंत्रणपत्रिकेत मुहूर्ताच्या जागी पाहुण्यांची यादी छापावी, तसा तो प्रकार.

ओरडा झाला. हे जाळे केवळ सरकारी कामासाठी आहे, नियम सरळसरळ मोडला आहे, असे संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने बजावले आणि कंपनीला समज दिली. पण त्या पत्रामुळे लाखो डॉलरांची विक्री झाली, असे थ्यूर्क पुढे अनेक वर्षे सांगत राहिले. समज दिली तरी सौदा फायद्याचाच झाला होता, आणि पुढे आलेल्यांनी त्यातून नेमके तेवढेच उचलले.

खरा पूर आला तो १९९४ नंतर. त्या वर्षी १२ एप्रिलला अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात यूजनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. विषय कुत्र्यांचा असो की खगोलशास्त्राचा, प्रत्येक ठिकाणी ग्रीन कार्ड! (त्या लॉटरीत भारतात जन्मलेल्यांना प्रवेशच नव्हता, ही त्यातली आपल्यापुरती गंमत.) संतापलेल्या लोकांनी इतकी उत्तरे पाठवली की, त्या दांपत्याला जोडणी देणाऱ्या कंपनीची यंत्रे कोलमडली. दांपत्याला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. इंटरनेटवर पैसा कसा कमवावा, यावर त्यांनी चक्क पुस्तक लिहिले. १९९७ मध्ये टेनेसी राज्याने कँटर यांची वकिलीची सनद काढून घेतली. त्याच्या कारणांमध्ये ही जाहिरातही होती.

‘स्पॅम’ हे नाव याच काळात रूढ झाले. मुळात तो १९३७ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचा ब्रँड. ब्रिटिश विनोदी मंडळी माँटी पायथॉन यांच्या १९७० च्या एका प्रहसनात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या गजरात बाकीचे बोलणे बुडून जाते. संगणकवाल्यांनी शब्द तिथून उचलला.

कायदा तेव्हा कुठे होता? नव्हताच. म्हणून वकिलांनी जुनी पेटी उघडली. १९९७ मध्ये ओहायोतल्या संघीय न्यायालयात कॉम्प्युसर्व्ह या ईमेल कंपनीने सायबर प्रमोशन्स या बड्या स्पॅमरविरुद्ध दावा मांडला तो इंग्रजी परंपरेतल्या एका जुनाट तत्त्वावर : दुसऱ्याच्या जंगम मालमत्तेत ढवळाढवळ करणे. माझा बैल परवानगीवाचून औताला जुंपलात, तर तो जखमी झाला नाही तरी माझे नुकसान आहेच. तसेच माझ्या संगणकाचे, हा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला. आम्हांला हा निकाल फार आवडतो. नव्या रोगाला आजीबाईच्या बटव्यातले औषध लागू पडले. पण दाव्यादाव्याने लढून पूर थोडाच थांबतो!

दुसरी फळी स्वयंसेवकांची होती. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपद्रवी पत्त्यांची काळी यादी सुरू केली, तर १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था उभी केली. या यादीत नाव आले की जगभरच्या टपालयंत्रांची दारे बंद. गावाने वाळीत टाकावे तसे. वाळीत टाकण्यावर जो आक्षेप तोच इथेही निघाला : यांना हा अधिकार दिला कोणी? अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीने स्पॅमहाउसला कोर्टात खेचले. स्पॅमहाउसने बाजू मांडणे सोडून दिले आणि २००६ मध्ये तिच्यावर १ कोटी १७ लाख डॉलरांचा एकतर्फी हुकूमनामा झाला. अपिले होत होत २०११ मध्ये ती रक्कम उरली ३ डॉलर. होय, तीनच.

आता कायद्यांकडे येऊ. जगभर दोन वाटा पडल्या आणि त्यांतला फरक एका वाक्यात सांगता येतो : होकार आधी, की नकार नंतर? युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने पहिली वाट धरली. व्यक्तीने आधी संमती दिल्याशिवाय तिला जाहिरातीची ईमेल पाठवायची नाही. ऑस्ट्रेलियाचा २००३ चा स्पॅम कायदा तसाच, आणि तो नुसता कागदावर राहिला नाही. पर्थमधल्या एका कंपनीला व तिच्या संचालकाला २००६ मध्ये मिळून ५५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाही याच वाटेने निघाले होते. सप्टेंबर २००३ मध्ये सही झालेल्या तिथल्या कायद्यात सामान्य नागरिकाला प्रत्येक अनाहूत पत्रामागे १,००० डॉलरांपर्यंत भरपाई मागता येणार होती. अंमल सुरू होणार होता १ जानेवारी २००४ ला.

तो झालाच नाही. १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ‘कॅन-स्पॅम’ या संघीय कायद्यावर सही केली. तोही १ जानेवारीलाच लागू झाला आणि त्याने राज्यांचे बहुतेक कडक कायदे झाकोळून टाकले. त्याने दुसरी वाट धरली. खोटा पत्ता नको, फसवा विषय नको, टपालाचा खरा पत्ता द्या, आणि कोणी ‘नको’ म्हटले तर कामाच्या १० दिवसांत थांबा. पण पहिले पत्र न विचारता पाठवायला मोकळीक. शिवाय सामान्य नागरिकाला स्वतः दावा लावायचा हक्क नाही. इंग्रजीत ‘कॅन’ म्हणजे डबा आणि ‘कॅन’ म्हणजे ‘करू शकता’ही. टीकाकारांनी कायद्याचे नाव दुसऱ्या अर्थाने वाचले, ते उगाच नाही. त्यातच खऱ्या भामट्याला ‘मला वगळा’ असे कळवणे म्हणजे हा पत्ता जिवंत आहे, ही पावती त्याच्या हाती देणे.

सरसकट कडक कायदा करावा, तर त्यातही खड्डा होता. व्हर्जिनिया राज्याने खोट्या पत्त्यावरून घाऊक ईमेल पाठवणे हा गुन्हा ठरवला आणि एका स्पॅमरला ९ वर्षांची शिक्षाही झाली. पण २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. कारण त्यात केवळ व्यापारी पत्रे नव्हती. राजकीय, धार्मिक, कसलेही निनावी पत्र त्यात सापडत होते. अमेरिकेच्या घटनेची बाजू मांडणारे १७८७-८८ मधले प्रसिद्ध लेख टोपणनावाने छापले गेले होते. ते आज ईमेलने निघाले असते तर तोही गुन्हा ठरला असता, असे न्यायालयाने म्हटले.

हे दूरदेशीचे वाटेल, पण सात वर्षांनी तीच गोष्ट आपल्याकडे घडली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६अ घातले गेले. उपद्रव देण्यासाठी किंवा पत्र कुठून आले याबद्दल दिशाभूल करण्यासाठी ईमेल पाठवणे हा त्याच्या एका पोटकलमात गुन्हा होता. भारतीय कायद्यात स्पॅमच्या सर्वांत जवळ जाणारे वाक्य हेच. पण ‘उपद्रव’ म्हणजे काय, हे कुठेच ठरवलेले नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि त्याला पसंती देणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ पूर्णपणे रद्द केले. निकाल योग्यच होता, असे आम्ही म्हणू. पण त्या कलमाबरोबर ईमेलवरच्या उपद्रवाविषयीची ती एकुलती ओळही गेली, आणि तिच्या जागी नेमका, केवळ व्यापारी पत्रांपुरता कायदा कोणी लिहिला नाही. फोन आणि एसएमएससाठी मात्र दूरसंचार प्राधिकरणाचे नियम आहेत : २००७ ची ‘कॉल नको’ नोंदवही, २०१० चे आणि मग २०१८ चे नियम, १९०९ हा क्रमांक. ईमेल त्यांत येत नाही.

मग आपली टपालपेटी आज वापरण्याजोगी राहिली ती कोणामुळे? मुख्यतः गणितामुळे. थॉमस बेज या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालणारी चाळणी १९९८ पासून संशोधकांच्या लेखांत होती. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ती लोकप्रिय झाली. कल्पना सोपी आहे. कोणते शब्द तुमच्या खऱ्या पत्रांत येतात आणि कोणते भामट्यांच्या, हे यंत्र मोजत राहते. ज्या घरी ‘साखरपुडा’, ‘भिशी’, ‘आत्याबाई’ हे शब्द येतात, त्या घराची चाळणी वेगळी होते. भामट्याला प्रत्येक घराची बोली कुठून ठाऊक असणार? जानेवारी २००४ मध्ये दावोसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे सांगून टाकले होते. ते भाकीत साफ चुकले. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या एकाच कंपनीची जोडणी तोडली गेली, तेव्हा जगभरचे स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आले आणि काही महिन्यांत पुन्हा पहिल्या पातळीवर गेले.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करण्याची आणि एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय ठेवण्याची सक्ती केली. संसदेला जमले नाही ते दोन कंपन्यांनी केले. आम्हांला यात समाधानापेक्षा काळजीच अधिक वाटते. कायद्याला न्यायालयात आव्हान देता येते. एखाद्या छोट्या संस्थेचे पत्र चाळणीत अडकले, तर दाद कोणाकडे मागायची?

आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ‘होकार आधी’ या वाटेने जातो, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणे सोपे असावे, असे म्हणतो. यावरून यंदा आमच्या कार्यकारिणीत दोन बैठका चांगल्याच रंगल्या. विषय होता स्मरणिकेच्या शेवटी वर्षानुवर्षे छापली जाणारी सभासद-सूची. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, सूचीमुळेच सोयरिकी जुळतात, रात्रीअपरात्री रक्त हवे असले तर माणूस सापडतो. परमुलखात चार पिढ्या टिकलो ते एकमेकांचा पत्ता ठाऊक होता म्हणून. तरुणांनी विचारले की, मागली सूची वाटल्यावर ज्या काकूंना ‘तुमच्या मंडळाकडूनच नंबर मिळाला’ असे सांगून गुंतवणुकीचे फोन आले, त्यांना काय उत्तर द्यायचे? १९७८ चे ते पहिले पत्रही एका छापील सूचीतूनच निघाले होते, हे कोणीतरी तेवढ्यात सांगितलेच. शेवटी असे ठरले की, नाव आणि मोहल्ला सर्वांचा छापायचा. फोन आणि ईमेल मात्र ज्यांनी सहीनिशी होकार दिला त्यांचेच. होकाराचे अर्ज ऋषिपंचमीपर्यंत कार्यालयात मिळतील. ज्यांचा अर्ज येणार नाही, त्यांच्या नावापुढचा रकाना पुढच्या सूचीत रिकामा असेल.