विदर्भाचा राजा कसा मेला?

कौंडण्यपूरची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असते. तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठचं हे गाव म्हणजे जुनं कुंडिनपूर, विदर्भाच्या भोज राजांची राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर. भावाने लग्न शिशुपालाशी ठरवलं, तिने गुपचूप कृष्णाला निरोप धाडला, कृष्ण रथ घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. इथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते.

त्याच भोज घराण्याचं नाव लावणाऱ्या विदर्भाच्या राजघराण्याची दुसरी एक गोष्ट आहे. तिच्यात हेर आहेत, विषप्रयोग आहे, अपघात वाटावेत असे खून आहेत. ती मात्र वऱ्हाडातही फारशी कुणी सांगत नाही.

ती लिहिली दंडीने. हा कांचीचा, पल्लवांच्या काळातला, सातव्या शतकाच्या अखेरचा संस्कृत लेखक. त्याच्या ‘अवंतिसुंदरी’त घराण्याची हकिकत येते, आणि त्यात पूर्वज अचलपूरचे असल्याचा उल्लेख आहे. हे अचलपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलंच, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर कांचीत बसून हा माणूस आजोळच्या नाही, पण खापरपणजोबांच्या मुलखातली कुजबुज लिहीत होता.

त्याचं ‘दशकुमारचरित’ म्हणजे आजच्या भाषेत गुन्हेगारी कथांचा संग्रह. दहा तरुणांची ताटातूट होते, पुन्हा भेटल्यावर प्रत्येक जण आपण मधल्या काळात काय काय केलं ते सांगतो. जे केलं त्यातलं बरंचसं कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येईल. अपहारवर्मा घरफोडीला निघतो तेव्हा सोबतच्या सामानाची यादीच देतो: चिमटा, मापाची दोरी, माणसाचं खोटं डोकं (भिंतीला पाडलेल्या भोकातून आधी हे आत सरकवायचं, कुणी जागं असेल तर वार त्याच्यावर पडतो) आणि दिवा विझवायला सोडायच्या भुंग्यांची डबी. एवढं बारीक तपशीलवार लिहिणाऱ्या माणसाला जुन्या रसिकांनी नावाजलं कशासाठी, तर पदलालित्यासाठी! सातव्या प्रकरणात प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्याने टाळली आहेत, कारण सांगणाऱ्याचा ओठ प्रेयसीने चावलेला आहे. हे कौशल्य भारीच, पण त्या कौतुकात गुन्हा बाजूलाच राहिला.

विदर्भाची गोष्ट आठव्या प्रकरणात येते. भला राजा पुण्यवर्मा वारतो आणि मुलगा अनंतवर्मा गादीवर बसतो. हुशार आहे, पण राजनीतीचा कंटाळा. म्हातारा मंत्री वसुरक्षित समजावतो, तर दरबारातला विहारभद्र त्याची टर उडवतो. कौटिल्याच्या शास्त्राप्रमाणे राजाचा दिवस कसा जायचा ते तो प्रहर मोजून सांगतो: आता जमाखर्च, आता फिर्यादी, आता हेर, झोपायला वेळ जवळपास नाहीच. रोज टाइमशीट भरणाऱ्या माणसाला हे वाचून हसू येतं आणि विहारभद्राचं थोडं पटतंही. दंडीची खोच तिथेच आहे. राज्य बुडवणारा माणूस तुम्हाला आवडायला लागतो.

मग शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू डाव टाकतो. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापाने हाकलून दिल्याचं सोंग करत, गाणारे-नाचणारे घेऊन विदर्भात येतो. शिकार म्हणजे उत्तम व्यायाम, जुगाराने मन एकाग्र होतं, असं राजाच्या गळी उतरवतो. राजा तसा वागतो म्हणून प्रजाही तशीच वागायला लागते. इतकं झाल्यावर अश्मकाची माणसं कामाला लागतात. शिकारीच्या नादाने लोकांना एकच वाट असलेल्या गवताळ दरीत न्यायचं आणि तोंडाशी आग लावायची. वाघाच्या शिकारीची चटक लावून वाघाच्याच तोंडी द्यायचं. पायातला काटा काढून देतो म्हणत विषारी सुरी वापरायची. हरीण समजून बाण मारला म्हणायचं. एकही मृत्यू खून दिसत नाही आणि सैन्य मात्र झिजत जातं.

शेवटी वनवासीचा राजा चाल करून येतो. नर्मदेकाठी छावणी पडते, मांडलिक फुटतात, अनंतवर्मा मारला जातो. लुटीच्या वाटणीवरून वसंतभानू त्या मांडलिकांनाही आपसांत झुंजवतो आणि विदर्भ गिळतो.

विधवा राणी वसुंधरा मुलांना घेऊन माहिष्मतीला दिराकडे, मित्रवर्म्याकडे जाते. त्याची नियत फिरते. इथे गोष्ट सांगणारा विश्रुत तिला मार्ग सुचवतो. माळ बचनागाच्या पाण्यात भिजवायची, मी पतिव्रता असेन तर ही तुला तलवार होवो असं म्हणून त्याच्या छातीवर मारायची. तो कोसळल्यावर तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात धुऊन मुलीच्या गळ्यात घालायची. मुलीला काही होत नाही, म्हणजे तो मेला तो सतीच्या तेजाने. हत्यार सगळ्यांसमोर आहे आणि साक्षीदारच खुनाला चमत्कार म्हणताहेत. यापेक्षा नेटका खून माझ्या तरी वाचनात नाही.

आता ही नुसती गोष्ट का नाही, ते सांगतो. वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादित करणारे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी या प्रकरणाकडे पुरावा म्हणून पाहिलं. पाचव्या शतकाच्या अखेरीस वाकाटकांचा हरिषेण विदर्भावर राज्य करत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवलं. तिथल्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कोसल, लाट, आंध्र अशी नावं येतात. एवढं मोठं राज्य, आणि त्याच्यानंतर या शाखेचा एकही राजा लेखांतून दिसत नाही. मिराशींना दंडीच्या पुण्यवर्म्यात हरिषेण दिसला. कथेतले मांडलिकही कुंतल, कोकण, नाशिक अशा खऱ्या मुलखांचे आहेत. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्य अजिंठ्यात घालवलं. अर्धवट सोडलेल्या लेण्यांचं कोडंही त्यांनी याच गोष्टीच्या आधाराने सोडवलं: 477 मध्ये हरिषेण अचानक गेला, मग अश्मकांचं आक्रमण आणि काही वर्षांतच काम बंद.

मला मिराशी पटतात. स्पिंक जेव्हा वर्ष न् वर्ष लावतात तिथे मात्र मी थांबतो. दंडी सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता, आणि चांगला रहस्यकथाकार धागे जुळावेत म्हणून खुशाल घटना वाकवतो. पण वातावरणाची साक्ष दुसरीकडून मिळते. अचलपूरजवळच्या चम्मक गावचा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट पाहा. भोजकट राज्यातलं हे गाव 1000 ब्राह्मणांना दान दिलंय, पण अटी घालून: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, राजाचं अहित नाही, लढाई करायची नाही. दान देतानाही राजाला फितुरीची भीती होती, ती अशी तांब्यावर कोरलेली आहे.

आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी 1936 ते 1984 या काळात 1,092 रहस्यकथा छापल्याची नोंद गिनीज बुकात झाली. झुंजार आणि काळा पहाड घराघरात पोहोचले. तरी वाङ्मयाच्या चर्चेत हा प्रकार ‘वेळ घालवायला’ याच खणात राहिला. इकडे वाकाटकांच्या अस्तासारख्या प्रश्नावर राजकवींच्या स्तुतीपेक्षा एक खुनाची गोष्ट जास्त कामाला आली. स्तुती कोरणारा कवी राजा कसा बुडाला ते लिहीत नाही. ते लिहायला दंडीसारखा माणूस लागतो.

एक अडचण उरते. ‘दशकुमारचरित’ची मूळ संहिता याच प्रकरणात तुटते. दुर्गेच्या मूर्तीखालून भुयारातून राजपुत्र भास्करवर्मा बाहेर येतो, देवीनेच त्याला राखलं असं लोकांना सांगितलं जातं, विश्रुत पुढची आखणी करू लागतो आणि वसंतभानूशी हिशेब व्हायच्या आत पान संपतं. मुलाला विदर्भाची गादी परत मिळाल्याचं जे आपण आज वाचतो, ते नंतर दुसऱ्या कुणीतरी जोडलेलं आहे.