ज्यांच्यापाशी ती खूण नव्हती

भिलाईच्या वसाहतीत रक्तदानाचे आवाहन झाले की आपण मराठी मंडळी ‘ओ’ किंवा ‘बी’ असे एक अक्षर सांगून मोकळे होतो. ते अक्षर तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावरील खुणांवरून ठरते. वैद्यक या खुणांना प्रतिजन म्हणते आणि रक्तरसातून त्यांच्यावर चालून जाणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंड. प्रतिपिंडांनी परक्या पेशींवर तुटून पडावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु काही रोगांत ते घरच्याच पेशींवर उलटतात. ते नेमक्या कोणत्या खुणेवर उलटले, हे ओळखणे मोठे कठीण; कारण अशा रोग्याचा रक्तरस बहुधा भेटेल त्या माणसाच्या पेशींवर सारखाच चालतो. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, तिच्यावरून कुलूप कसे ओळखावे? ज्याच्यापाशी ती खूणच नाही असा एखादा विरळा माणूस सापडावा लागतो.

मुळात असा रोग संभवतो हेच विद्वानांना पटत नव्हते. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचून पाहिले. परक्या बोकडाच्या पेशी फोडणारे प्रतिपिंड निर्माण झाले. स्वतःच्या पेशी फोडणारे काही आढळले नाहीत. आत्मघाताची शरीराला धास्तीच असते, असे सूत्र त्यांनी मांडले, आणि थोरांच्या सूत्राला जे भाग्य लाभते ते त्यालाही लाभले. पुढे १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी, गारठा लागताच लाल लघवी होणाऱ्या रोग्यांच्या रक्तात तसाच आत्मघातकी प्रतिपिंड दाखवून दिला. थंडीत तो पेशींना चिकटतो आणि ऊब मिळताच पेशी फुटतात. तरीही त्याचे लक्ष्य कोणते, हे कळायला १९६३ साल उजाडले. ‘पी’ नावाचा प्रतिजन ज्यांच्यापाशी नाही अशा अत्यंत दुर्मिळ लोकांच्या पेशींना त्याचा उपद्रव होत नाही, असे फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. एकोणसाठ वर्षांची ही प्रतीक्षा होती! तत्पूर्वी, १९५६ मध्ये, अमेरिकेत वीनर यांनी अशाच एका रोगिणीच्या रक्तरसाशी बावीस हजारांहून अधिक रक्तदात्यांच्या पेशी ताडून पाहिल्या, तेव्हा न चिकटणाऱ्या अवघ्या पाच निघाल्या. त्या पाचांमुळे ‘आय’ हा प्रतिजन ठाऊक झाला.

मुंबईची कथा याच जातीची आहे. १९५२ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे, भाटिया व त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची हकिकत प्रसिद्ध केली. नेहमीच्या चाचणीत या व्यक्ती ‘ओ’ गटाच्या दिसत. पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो ‘एच’ हा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. आणि म्हणून त्यांच्या रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंड होता. पुढे मुंबईत असे लोक सुमारे ७,६०० त एक असे आढळले. शहराचे नाव त्या रक्तगटाला मिळाले. ज्यांच्या रक्ताने ते मिळवून दिले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

या रक्ताचा उपयोग आत्मघातकी रोगांच्या अभ्यासातही झाला. गारठ्यात उलटणारे काही प्रतिपिंड ‘एच’वर, तर काही ‘आय’ आणि ‘एच’ या दोहोंच्या जोडीवर चालतात. त्यांची पारख करण्यास मुंबईच्या पेशींहून चांगली कसोटी नाही: इतर सर्व पेशी चिकटाव्यात आणि या चिकटू नयेत, म्हणजे लक्ष्य हाती लागले. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र स्थापन झाले. तेच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था.

आपल्या छत्तीसगडात या विद्येचे काम नित्याचे आहे. येथे सिकलसेलचे रोगी पुष्कळ, आणि त्यांतील अनेकांना वारंवार रक्त द्यावे लागते. अशा काहींच्या शरीरात परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, आणि क्वचित स्वतःच्या पेशींविरुद्धही. मग पेढीतील एकही बाटली जुळेनाशी होते. घरच्या शत्रूच्या गोंगाटात परका शत्रू लपून बसतो, आणि जिवावर बेतते ते बहुधा त्या लपलेल्यामुळे. रोग्याला अलीकडे रक्त दिलेले नसेल, तर त्याच्याच पेशींवर आत्मघातकी प्रतिपिंड शोषून घेतात व उरलेला रक्तरस पुन्हा तपासतात. दिलेले असेल, तर पारख केलेल्या दुसऱ्यांच्या पेशी वापराव्या लागतात. या कामाला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ खाटेजवळच्या नातलगांना ‘रक्त अजून का चढवीत नाहीत’ याचे उत्तर मिळत नाही.