तीस मुलांचा जाब

तान्ह्या मुलाची निगा म्हटली की पाळणा, दुपटे आणि आईची रात्रभराची जाग एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. मला मात्र पुण्याच्या गंज पेठेतील एका घराचा इतिहास आठवतो. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, निर्धास्त बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे.

४ डिसेंबर १८८४ च्या टिपणात जोतीरावांनी हिशेब मांडला आहे. ३५ गरोदर विधवा आल्या. ५ मुले जगली, ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांना ते याचे कारण मानतात. म्हणजे सक्तीच्या वैधव्याने ही मुले गर्भातच गाठली होती. शूद्रातिशूद्रांना माणूस न मानणाऱ्या धर्मव्यवस्थेने स्वतःच्या लेकीसुनांनाही सोडले नाही.

याच गृहात एका ब्राह्मण विधवेला झालेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवेत उभा राहिला.

फुल्यांच्या करुणेचे गोडवे गाऊन थांबणारा इतिहास मला अपुरा वाटतो. त्या तीस मुलांचा जाब कोणाला विचारायचा, हेही विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे. मूल वाचवायचे तर आधी आईची दहशत संपवावी लागते.