शरणपुराहून जलालपूरपर्यंत

गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आम्हांस एक प्रश्न विचारला. स्पेन देशातील कॅस्टिल प्रांताची काही छायाचित्रे त्याने कुठेशी पाहिली होती. गव्हाची सपाट शेते, मधून गेलेली मातीची वाट, दूरवर एक लहानसे गाव, गावाच्या मधोमध दगडी ख्रिस्तमंदिर आणि त्या वाटेने सायकलीवरून निघालेले प्रवासी. "आपल्या नाशिकात सायकलीवरून पाहावीत अशी जुनी चर्चे कुठे आहेत?" हा त्याचा प्रश्न. वसई आणि गोवा ही नावे आमच्या ओठांवर चटकन आली. नाशिकचे मात्र एकही आले नाही. ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली, आणि पुढील महिन्यात एका रविवारी नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात पहिली मिस्सा ऐकून आम्ही चौघे सायकलींवर निघालो.

निघण्याची जागा आम्ही जाणूनबुजून निवडली होती. दर फेब्रुवारीत ज्याच्या यात्रेस लाखो भाविक लोटतात तो बाळ येशू मुळात स्पेनचा. त्याची मेणाची लहानशी मूर्ती स्पेनमधील एका सरदार घराण्यातून लग्नसंबंधाने प्राग शहरी गेली आणि १६२८ साली पोलिक्सेना या सरदारीणबाईंनी ती तेथील कार्मेल मठास दिली. हे कार्मेल मठवासी कुणाचे? कॅस्टिलमधील आव्हिला नगरीच्या संत तेरेजाबाईंच्या परंपरेचे. १५६२ साली त्यांनी आव्हिलात पहिला मठ स्थापिला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १५८२ पर्यंत, बैलगाडी-खेचरगाडीतून धक्के खात सतरा मठ उभे केले. त्यांचे सहकारी संत योहान (क्रूसभक्त) हेही तिथलेच, फोन्तिव्हेरोस नावाच्या खेड्यातले. तेव्हा ज्या धुळकट वाटांची छायाचित्रे पाहून आमचा तरुण मित्र भारावला होता, त्यांचे एक टोक आमच्याच मंदिराच्या वेदीपर्यंत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या कॅस्टिलविषयी आणखी थोडे. फ्रोमिस्ता गावचे संत मार्टिनचे मंदिर अकराव्या शतकातले. संत याकोबाच्या समाधीकडे जाणारे यात्रेकरू आजही त्याच्या सावलीत विसावतात. जवळूनच कॅस्टिलचा कालवा जातो. १७५३ ते १८४९ अशी जवळजवळ शंभर वर्षे खणलेला, दोनशे किलोमीटरांहून लांब. काठच्या ज्या वाटेवरून खेचरे पूर्वी नावा ओढीत, तीवरून आता सायकली धावतात. चित्र रमणीय खरे. पण त्या शांततेचे कारण जाणून घेतले की मन जड होते. तरुण माणसे माद्रिदला आणि कारखान्यांच्या शहरांना गेली, शाळा मिटल्या, एकेका धर्मगुरूच्या माथी अनेक गावे आली. मंदिरे राहिली, माणसे गेली.

आमच्याकडील गोष्ट नेमकी याच्या उलट आहे, हे आम्हांस शरणपूर रस्त्यावर सायकली टेकवल्यावर उमजले.

शरणपूर! नाशिककरांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा हा शब्द. दुकाने, दवाखाने, वाहनांची दाटी. हे एके काळी शहराबाहेरचे स्वतंत्र खेडे होते आणि शरण आलेल्यांचे म्हणून त्याचे हे नाव, हे कितीजणांस ठाऊक असेल? चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकात १८३२ पासून कार्य मांडले होते. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५च्या सुमारास येथे ख्रिस्ती वसाहत वसविली. धर्मांतरामुळे घरादारास मुकलेल्यांना येथे थारा मिळाला. त्यांच्याच शेजारी दुसरे आश्रित आले, ते समुद्रापलीकडचे. अरबी गलबतांवर गुलाम म्हणून कोंबलेली आफ्रिकी मुले-मुली इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी सोडवून मुंबईस उतरविली होती. आईबाप कुठे, गाव कोणते, याचा पत्ता नाही. त्यांतील कित्येकांस शरणपुरी पाठविण्यात आले. येथे ती लिहावाचावयास शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. गोदावरीचे पाणी पिऊन ती वाढली.

१८६५ साली डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. पुढील वर्षीच्या त्यांच्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासात या शाळेतील काही तरुण सामील झाले, आणि १८७२ साली त्यांच्या मदतीस गेलेल्या तांड्यात आणखी काही. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर ही त्यांतली नावे. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबिया देशात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी, चुमा व सुसी यांच्या पुढाकाराने, जो निर्णय घेतला तो इतिहासात अपूर्व मानावा लागेल. त्यांनी डॉक्टरांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. प्रेतक्रियेची प्रार्थना वाचली ती आमच्या नाशिकच्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर धन्याचे नाव कोरले तेही त्यानेच. मग देह मिठाने व उन्हाने सुकवून, सालीत व शिडाच्या कापडात गुंडाळून, त्यांनी तो खांद्यांवर घेतला आणि समुद्राची वाट धरली. दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, पायी, रोगराईतून, वैरी टोळ्यांच्या मुलुखातून.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयो येथे पोहोचले. तेथे तो देह प्रथम कुठे ठेवण्यात आला? पवित्र आत्म्याच्या संघाच्या कॅथोलिक धर्मगुरूंच्या मठीत. याही धर्मगुरूंनी १८६८ पासून मुक्त गुलामांसाठी तेथे आसरा उभारला होता. शरणपूरसारखेच दुसरे शरणपूर म्हणावे ना! हे सांगितले तेव्हा आमच्यातील एक ज्येष्ठ सोबती, जे वाटेत "शरणपूर काय, ते प्रॉटेस्टंटांचे," असे दोनदा म्हणाले होते, सायकलीची घंटी उगाच वाजवीत गप्प राहिले. खरे तर तसे आम्हीही आजवर म्हणत आलो होतो. आमचा नाशिक धर्मप्रांत १९८७चा; त्याच्या थोरल्या आठवणी केंदळ आदी अहिल्यानगरकडील गावांत आहेत, तिथे १८७८ पासून येशूसंघीय फादर राबले. म्हणून नाशिक शहराचा जुना ख्रिस्ती इतिहास आपला नव्हे, अशी आमची सोयीची समजूत होती.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. त्याच सुमारास प्राइससाहेब नाशिकचे दीडशेच्या आसपास आफ्रिकी ख्रिस्ती घेऊन मोम्बासाजवळ गेले आणि फ्रीअर टाउन ही नवी वसाहत वसली. मॅथ्यू वेलिंग्टन त्या बाजूस पुढे १९३५ पर्यंत हयात होता. शरणपुराची आफ्रिकी शाळा ओस पडली, आणि कालांतराने शहर वाढत आले ते खेड्यालाच पोटात घेऊन गेले.

तेथून आम्ही पश्चिमेस वळलो. राघोबादादांच्या आठवणीची आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर. पुढे द्राक्षांचे मांडव. (कॅस्टिलातही दुएरो नदीकाठी द्राक्षमळेच आहेत, इतके साम्य पुरे.) नदीपलीकडे जलालपूर. येथे पाहावयास ख्रिस्तमंदिर नाही, म्हणून आमचा तरुण मित्र किंचित हिरमुसला. पण १८६८ साली याच गावी गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली, तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्यापायी घरातल्यांचे हाल व्हावेत. अशा घरातील ही मुलगी पतीच्या १८९५ मधील बाप्तिस्म्याने हादरली, दुरावली, पुन्हा जवळ आली आणि १९०० साली स्वतः ख्रिस्तशरण झाली. "स्मृतिचित्रे" आपल्या सर्वांच्या घरी आहेत, असावीत. परंतु रेव्हरंड टिळकांनी अवघे साडेदहा अध्याय लिहून सोडलेले "ख्रिस्तायन" त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुरे केले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. शाळेत न गेलेल्या बाईंचे हे काम. १९३६ साली त्या नाशिकातच निवर्तल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.

गावात चहा घेताना आम्ही हे सारे बोलत होतो. टपरीवाल्याने कान दिला आणि हळूच विचारले, "टिळक म्हणजे लोकमान्य का?" आम्ही सांगितले की नव्हे, दुसरे. "आमच्या गावची बाई?" त्याने पुन्हा विचारले आणि पैसे घेताना एका चहाचे घेतलेच नाहीत.

उन्हे चढली तशी आम्ही परतलो. शरणपूर रस्त्याच्या चौकात लाल दिव्यापाशी थांबावे लागले. आमच्या तरुण मित्राने एक पाय जमिनीला टेकवला आणि समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता मोठ्याने, एकेक अक्षर सुटे करून वाचला.