स्तंभ निवडुंग
(लॅ. सीरियस हिल्डमॅनियानस, कुल – कॅक्टेसी). मूळची दक्षिण अमेरिकेतील, खांबासारखी सरळ वाढणारी शोभेची वनस्पती. बांधावरच्या त्रिधारी निवडुंगाशी हिची गल्लत होते. तो एरंडाच्या कुलातला असून मोडल्यावर चीक गळतो. स्तंभ निवडुंगात चीक नसतो आणि काटे कडांवरील लवयुक्त उंचवट्यांतून झुपक्याने येतात. पांढरी, मोठी फुले रात्री उमलून सकाळी मिटतात.

अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने कोरडी हवा हिला मानवते. घात करते ती गोदावरी-प्रवराकाठची काळी जमीन. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात आणि बुंधा तपकिरी, मऊ पडतो. म्हणून उंचवट्यावर मुरूम व जाड वाळू मिसळून लावावी; पारनेरच्या माळावरची हलकी जमीन मुळातच सोयीची. लागवड छाटाने होते. हातभर तुकडा धारदार सुरीने कापून सावलीत ठेवतात. जखम सुकून कडक झाल्यावरच कोरड्या मिश्रणात रोवतात. इथे घाई नडते. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळल्यावर पाणी द्यावे, हिवाळ्यात जवळजवळ नाहीच. कडांच्या खाचांत पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवल्यास करपते.