वळवाच्या पोटात शिरलेली विमानं

वळीव आपल्याला नवा नाही. इचलकरंजीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर उकडतं, संध्याकाळी काळं भरून येतं आणि पावसाच्या आधी सुटतो तो गार वारा. धूळ, उडणारे पत्रे, वीज गेली की गप्प होणारे माग... पाऊस अजून पोचलेला नसतो, मग हा गारवा येतो कुठून? याचं उत्तर शोधायला माणसं मुद्दाम विमानं घेऊन वादळात शिरली, हे वाचून मी चाटच पडलो.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वादळात सापडून प्रवासी विमानं पडत होती, पण ढगाच्या आत नक्की काय चालतं ते धड कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेनं १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ चालवला. प्रमुख होते शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स. युद्धातली ‘ब्लॅक विडो’ विमानं वेगवेगळ्या उंचीवरून एकाच ढगात घुसायची.

वैमानिकांना सूचना काय, तर विमान सरळ धरा, पण उंची टिकवायला वाऱ्याशी झगडू नका. वारा वर नेईल तितकं वर, खाली दाबेल तितकं खाली. विमान किती चढलं-उतरलं यावरून झोताचा वेग काढायचा, बसलेल्या हिसक्यांवरून आतली खळबळ. जीव मुठीत असताना हात आवरून बसायचं! अशा हजारावर फेऱ्या झाल्या.

त्यातून कळलं ते असं: आधी ढगात फक्त वर जाणारा वारा असतो. मग पडणारे थेंब हवेला खाली ओढतात, वाटेत थोडे वाळतात आणि हवा गार होते. ती जड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तोच आपला गार वारा! पुढे तीच हवा ढगाला मिळणारी खालची ऊब तोडते आणि ढग विरतो.

आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं १९७३ पासून बारामतीकडच्या ढगांत विमान पाठवलं, २००९ पासून ‘काइपिक्स’ मोहीम काढली. तिथं ध्यास मात्र वादळाचा नाही, पावसाचा. दुष्काळी मुलखाला दुसरं काय सुचणार?

असो. घरच्या मंडळींना एवढंच सांगणं, की गार झोत आला तरी विजा संपलेल्या नसतात. झाडाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला थांबू नका, पक्कं घर गाठा.